सुनेच्या चटणीवरचा संशय

साठी ओलांडल्यावर माझे मोठे काका वारंवार लघवीला उठू लागले. धार बारीक झाली होती. परत येऊन टेकले की पुन्हा उठावं लागे. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात म्हाताऱ्यांचं असं होणं नवं नव्हतं. पण काकांचं दुखणं आणि घरात सून एकाच वर्षी आली. काकूंनी दोन्हींची गाठ घातली.

सून सिरोंचाकडची, तेलुगू बोलणारी. माहेराहून तिने अंबाडीच्या सुक्या चटणीचा डबा आणला होता. काकांना ती आवडे, म्हणून त्यांच्या ताटात जास्त पडे. काकूंनी आधी डबा फळीवर चढवला, मग स्वयंपाकच आपल्याकडे घेतला. महिनाभरात फरक पडला नाही. यावरून सून निर्दोष ठरली नाही. तिने आधीच काहीतरी चारून ठेवलं असावं, असं ठरलं. ती विहिरीवर आली की बायकांचं बोलणं थांबे. तिने पाणी दिलेला पेला काकू वेगळा घासत.

मी नागपूरला शिकत होतो. दिवाळीला घरी आलो तेव्हा प्रकरण वैदूपर्यंत गेलं होतं. त्याने सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि पोटातलं चारलेलं उतरवायला पूड दिली. काकूंनी ती दुधातून पाजली. दुसऱ्या दिवशी लघवी पूर्ण बंद झाली, ओटीपोट फुगलं, काका असंबद्ध बोलू लागले. काकूंना हाच पुरावा वाटला. चारलेलं निघायच्या वेळी तिनेच ते आतून अडवून धरलं, असं त्या म्हणाल्या.

सुनेचा भाऊ चांद्यात होता. तिला त्याच्याकडे कायमचं पोचवायचं ठरलं. काकांना दवाखान्यात न्यायचं होतंच, म्हणून दोघांना एकाच बैलगाडीतून स्टेशनवर नेलं; काकू आणि मीही बरोबर होतो. चुलतभाऊ गाडी हाकत होता. मांडीवर गाठोडं घेऊन बसलेल्या बायकोकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

चांद्याला डॉक्टरांनी रबरी नळी घालून लघवी काढली. मग काकांच्या पापण्या वर करून विस्फारलेल्या बाहुल्या पाहिल्या, कोरडी जीभ पाहिली.

"यांना धोतरा कोणी दिला?"

काकूंनी सुनेकडे पाहिलं. काका तोवर भानावर आले होते.

"तिच्याकडे काऊन पाहून राह्यली? दूध त तूनंच पाजलं."

डॉक्टरांनी मग कारण सांगितलं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते. उतारवयात ती वाढते आणि वाट आवळते. ती का वाढते हे पुरतं कळलेलं नाही. वय आणि पुरुष असणं, ही दोन कारणं नक्की. लहानपणीच वृषण काढलेल्याला हे होत नाही. चटणीने होत नाही. आवळलेली वाट वैदूच्या पुडीतल्या धोतऱ्याने बंद केली होती.

काका म्हणाले, "म्हंजे खच्ची बैल सुटला, सांड अटकला."

संध्याकाळी सुनेचा भाऊ तिला न्यायला आला. काकांनी त्याला चहा पाजायला सांगितलं आणि म्हणाले, "बाई आमच्यासंगं वापस येते. धान कापाचा हाये."

पुढे नागपूरला ऑपरेशन झालं आणि काका बरे झाले. डबा फळीवरून खाली आला, सून पुन्हा जेवण वाढू लागली. काकू मात्र काकांच्या ताटातली चिमूटभर चटणी आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहत. ही सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.