सूचना वहीतलं नाव

चुन्याची बादली घेऊन मी मुतारीच्या भिंतीपुढं उभा होतो. भिंतीवर कोळशानं दहावीतल्या सुनीताचं नाव आणि पुढं घाण मजकूर. हेडमास्तर मागं येऊन म्हणाले, "दोन हात मारा, मामा. आणि ही सूचना फिरवून आणा."

मिरजगावकडच्या एका हायस्कुलात मी शिपाई होतो. नव्वदच्या पुढची सालं. मोबाईल नव्हते, पोरीची अब्रू काढायची तर भिंतीवर. सूचना वही साहेबांनी लिहायची, शिपायानं वर्गावर्गात न्यायची, मास्तरांनी मोठ्यानं वाचून सही करायची. मी चौथी शिकलेला. वही उघडून बघत नसे.

पाचवीच्या वर्गात बाईंनी वाचलं, "कुमारी सुनीता हिच्याविषयी मुतारीत अश्लील मजकूर लिहिणाऱ्यावर कडक कारवाई होईल." पोरं फिदीफिदी हसली. भिंत दहा-पंधरा पोरांनी बघितली असेल. वही साऱ्या शाळेनं ऐकली. चूक मला तिथंच कळली. तरी पुढच्या वर्गात गेलो. शेवटचा वर्ग सुनीताचा. नाव ऐकून ती दप्तर न घेताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सुविचाराच्या फळ्यावर तिच्या मैत्रिणीनं, मंगलनं लिहिलं, "लिहिणारा शाळेत, सुनीता घरी. वहीत तिचं नाव कशाला घातलं?"

"कुणाला विचारून लिहिलंस? फळा शाळेचा आहे," हेडमास्तर ओरडले.

"मग भिंत कुनाची हाय, सर?"

मंगलला आठ दिवस शाळेबाहेर काढलं. भिंतीवर लिहिणारा शोधलाच नाही. फळा मी पुसला.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "वही तुमच्या हातात हुती. माघारी फिरायला पाय मोडले हुते का?" तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता मला असं तोंडावर बोलणारं घरात कुणी नाही.

तेव्हा बायकोच्याच सांगण्यावरून मी वर्गात राहिलेलं दप्तर घेऊन सुनीताच्या घरी गेलो. म्हटलं, "पोरीला धाडा. मी सोबत नेतो."

तिच्या बापानं दप्तर घेतलं. "वही तुमीच फिरवली न्हवं, मामा? आता कोनत्या तोंडानं धाडू?"

महिन्याभरात तिचा दाखला निघाला. रजिस्टरात शाळा सोडण्याचं कारण लिहिलं होतं, घरगुती अडचण. सहीला मीच नेलं. या वेळी वाचून नेलं.

पुढं रिटायर होईपर्यंत प्रत्येक सूचना आधी वाचली. अक्षर लावत वाचायचो, उशीर व्हायचा. साहेब म्हणायचे, "शिपायाला काय करायचंय वाचून?" लिहिणारा खुर्चीत बसतो. दारोदार आपण जातो. म्हणून वाचावं.