शेवटच्या पानावरची यादी

"हे तुमचं नाही, मावशी."

सरांनी माझी वही टेबलावर आपटली. वर्गात वीसेक विद्यार्थी होते. सगळे तुम्हा नातवंडांहून थोडेच मोठे.

"माझंच आहे, सर."

त्यांनी वहीवरच्या माझ्या आडनावावर बोट ठेवलं. "इतकं इंग्रजी? तुमच्यात?"

कुणीतरी हसलं.

मुलांनो, आजी एम.ए. करते आहे, एवढंच तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. हे सांगायची लाज वाटली. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर बीडच्या एका अभ्यासकेंद्रात नाव घातलं. दर रविवारी नेकनूरहून एसटीने जाते.

तिथे स्वाध्याय कुणी स्वतः लिहीत नाही. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उत्तरांचा तयार संच मिळतो. सगळे तोच उतरवतात. सरही तोच शेजारी ठेवून वह्या तपासतात. जुळलं की बरोबर.

माझं जुळलं नाही. मी दोन महिने वाचून लिहिलं होतं. कुठला विचार कुठल्या पुस्तकातून घेतला, कुठल्या पानावरून, ते शेवटी ओळीने नोंदवलं होतं. दुसऱ्याचं घेतलं तर त्याचं नाव सांगायचं, हे मी शाळेत पोरींना शिकवत असे.

सरांनी नेमकं तेच पान उघडून वर्गाला दाखवलं.

"बघा. कुठून कुठून चोरलं, बाईंनी स्वतःच लिहून दिलंय. आयतं घ्यायची सवय. आधी कॉलेजात जागा, मग नोकरी, आता उत्तरंसुद्धा."

आता सगळेच हसले. संच उतरवलेल्या वह्या त्यांच्या हातात होत्या.

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "तुमचं असेल तर बसा. लिहा माझ्यासमोर."

आणि मी बसले. हेच अजून सलतं. पासष्ट वर्षांची बाई, मुकाट बसले. अर्धं पान लिहिलं. अक्षर वळणदार काढत होते, त्यांना पटावं म्हणून. नोकरीच्या पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनीही मला फळ्यावर इंग्रजी लिहून दाखवायला लावलं होतं. बरोबर रुजू झालेल्या दोघांना नाही. तेव्हाही मी लिहिलं होतं. त्यानंतर किती जणांसमोर लिहिलं, आठवत नाही.

पेन थांबलं.

"सगळ्यांना कागद द्या, सर. मग मी लिहीन."

कुणी मान वर करेना.

"बाहेर व्हा," सर म्हणाले.

दाराशी शिपाईबाई होती, शिरूर कासारची. आमच्यातलीच. हळूच म्हणाली, "आत्या, कावून वाद घालता? संच उतरून द्या, सर सही करत्यात. माझ्या पोरीनं बी तसंच केलं. पास झाली की."

मायेनं बोलली. त्याचंच जास्त दुःख झालं. एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले.

त्या विषयात मी नापास आहे. लेखी तक्रार दिली आहे, उत्तर नाही. कदाचित येणारही नाही. पदवी मिळेल की नाही, ठाऊक नाही.

पण संच मी उतरवणार नाही. शेवटच्या पानावरची यादी काढणार नाही. आणि पुन्हा कुणी मला एकटीलाच कागद दिला, तर तो कोराच परत जाईल.