इंजिनचा दम

"बाईच्या हातात गाडी गेली की असंच व्हतंय," खडेबाजारामागच्या गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, तेही माझ्याकडे न बघता, आप्पांकडे बघून. गाडी चालवणारी मी. रोज कडोलीहून बेळगावला ऑफिसला जाणारी मी. इंजिनच्या सांध्यासांध्यातून ऑईल पाझरतंय ही तक्रार करणारीही मीच. पण उत्तर माझ्या बापाला! "क्लच दाबून दाबून दम घालवलाय इंजिनचा. इकून टाका, आप्पा."

घरी आल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "बसनं जा आता. गिऱ्हाईक बघतो." मोटरसायकल त्यांची खरी, पण चार वर्षं ती मीच चालवत होते. ती गेली की माझं येणंजाणं पुन्हा बसच्या आणि घरच्यांच्या मर्जीवर. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका संताप आला होता.

रविवारी अंगणात पोतं अंथरून बसले. इंजिन थोडं चालवून बंद केलं आणि ऑईल बघायची काडी सैल केली, तर फुस्सकन हवा बाहेर आली. दम गेलाय म्हणे! दम गेला नव्हता, कोंडला होता. इंजिनच्या पोटातली हवा बाहेर पडायला एक रबरी नळी असते, ब्रीदर म्हणतात तिला. आमच्या जुन्या गाडीत ती खाली लोंबत होती. टोक चाचपलं तर आत चिंधीचा बोळा. ओढून काढला. हिरव्या काठाचा, आप्पांच्या टॉवेलचा तुकडा.

खंडेनवमीला गाडी आप्पांनीच धुतली होती. नळीत पाणी जाऊ नये म्हणून बोळा कोंबला. मग हळदकुंकू, हार, लिंबू सगळं आठवणीनं केलं. बोळा काढायचा तेवढा राहिला. हवेला वाट नाही, म्हणून ती ऑईलला सांध्यांतून बाहेर ढकलत होती.

पुन्हा कुणाला बोळा कोंबायची बुद्धी होऊ नये म्हणून मी लांब नळी घातली, ती सीटखाली वर नेली आणि टोक खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत सोडलं. झाकणाला दोन भोकं पाडली, एक नळीसाठी, एक हवा बाहेर जायला. सांधे पुसून गावाबाहेर दूरवर चक्कर मारून आले. सगळे कोरडे.

आप्पा बोळा हातात घेऊन बघत राहिले. "मीच घातलतो की गं," म्हणाले. मग हळूच, "झाकली मूठ ऱ्हाऊ दे. कुनाला सांगू नगंस."

खापर फोडताना चार माणसांत माझ्या डोक्यावर, आणि चूक सापडली की झाकली मूठ! दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना मी म्हटलं, "आप्पा, मागं बसा."

गॅरेजसमोर गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. मिस्त्री वाकून सगळे सांधे बघून उठला आणि सवयीप्रमाणे त्यानं आप्पांनाच विचारलं, "कुनी केली हो? काय केलं?"

आप्पा सावकाश उतरले. खिशातला बोळा काढून त्याच्या हातावर ठेवला.

"ह्यो माझा," ते म्हणाले. "बाकीचं तिला इचार."