यंदा मांबलमच्या उत्सवाला जायचं का?

यंदा मांबलमच्या उत्सवाला जायचं नाही, असं मी दिवाळीनंतरच ठरवून टाकलं होतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण मनाशी रोज तेच घोकत होते. आम्ही चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावात राहतो. यजमान इथल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला, म्हणून लग्नानंतर वर्षभरातच मी नांदेडहून थेट चेन्नईत येऊन पडले. भाषा येईना. शेजारीण बोलली की मी नुसती हसायचे. अशात कुणीतरी सांगितलं की वेस्ट मांबलमच्या एका भजनमठात मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमाराला, सात दिवस विठोबाचा उत्सव असतो आणि तिथे मराठी अभंग म्हणतात. मी गेले. अस्खलित तमिळ बोलणारी माणसं डोळे मिटून अभंग गाताहेत हे पाहून मी दारातच रडू लागले. त्यानंतर बावीस वर्षं एकदाही खंड पडला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून मला पुढे बसवून गायला सांगू लागले. आवाज बरा होता माझा. तिथल्या बायका "मराठी अम्मा वंदाच्चु", म्हणजे मराठी अम्मा आली, असं म्हणायच्या, तेव्हा मला फार गोड वाटायचं. आज कबूल करते, त्या गोडीत देव किती होता आणि मी किती होते, हे मी कधी तपासलं नव्हतं.

गेल्या श्रावणात माझ्या गळ्यातली गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली, त्याबद्दल देवाला हात जोडले. पण आवाज गेला. बोलते तेव्हा फाटक्या कापडासारखं काहीतरी बाहेर पडतं आणि वरचा सूर लावायला गेले तर नुसती हवा. अण्णा नगरच्या डॉक्टरीणबाई समजुतीनं म्हणाल्या, "कधी परत येतो, कधी येत नाही. वाट बघू या." मी घरी येऊन तंबोऱ्याच्या पेटीवर चादर घातली.

उत्सव चार दिवसांवर आला तेव्हा यजमानांनी विचारलं, "यंदा पास काढायचा ना लोकलचा?"

मी म्हटलं, "गाता येत नाही तर जाऊन काय करू? दरवर्षी गेलंच पाहिजे असं कुठे आहे?"

पण मला स्वतःच्याच उत्तरानं चैन पडेना. शेवटी मधला मार्ग काढला. माझ्या हातची अभंगांची वही मठात देऊन टाकावी, देवाला नमस्कार करावा आणि हे सगळं नीट संपवावं. उत्सवाच्या पहिल्याच दिवशी सकाळी निघाले. सेंट्रलला उतरून रस्त्यापलीकडच्या पार्क स्टेशनवरून मांबलमची गाडी धरली. स्टेशनबाहेर फुलवाल्या बसल्या होत्या, घरांपुढे मोठमोठे कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, काढले होते, कॉफीचा वास सुटला होता. हे सगळं मला इतकं आवडतं, आणि आज ते शेवटचं बघत होते.

मठात भजन सुरू झालं होतं. मी कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून अगदी मागे, खांबाच्या आडोशाला उभी राहिले. मठ सांभाळणारे मामा तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांनी मात्र पाहिलंच. "ये गे माय, असं मागं काय उभी राहतीस?" त्यांनी खुणावलं. मी गळ्याकडे बोट दाखवून नको म्हटलं आणि तिथेच सतरंजीवर बसले.

शेजारी एक म्हाताऱ्या मामी होत्या; इथे वयस्क बाईला मामीच म्हणतात. तमिळ पद्धतीची नऊवारी मडिसार, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, मांडीवर तमिळ अक्षरांत अभंग लिहिलेली वही. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आवाज खणखणीत. त्या जीव ओतून गात होत्या आणि विठोबाला बाप म्हणायचं तिथे दरवेळी "पाप, पाप" म्हणत होत्या. तमिळमध्ये प आणि ब ला एकच अक्षर, त्यांची तरी काय चूक! एकदा सोडलं, दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा मला राहवेना. त्यांच्या कानाशी वाकून घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मामी, बाप. बाप म्हणजे अप्पा."

त्यांनी गाणं थांबवलं. "मग मी काय म्हणत होते?" तमिळमध्ये त्यांनी विचारलं.

मी घुटमळले. "पावम्," म्हटलं. पावम् म्हणजे पाप.

मामी जे हसायला लागल्या! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. पुढच्या बायका वळून पाहू लागल्या. "तीस वर्षं देवाला पाप, पाप म्हणून हाका मारतेय मी," त्या म्हणाल्या, "आणि तो बिचारा एकदाही उलटून बोलला नाही!"

मलाही हसू आवरेना. गाठ काढल्यापासून मी अशी हसलेच नव्हते. मग मी माझी कथा सांगितली. आवाज गेलाय, आता येणार नाही, वही द्यायला आलेय. त्यांनी माझा हात धरला. "तुला अर्थ आहे, आवाज नाही. मला आवाज आहे, अर्थ नाही. दोघी मिळून एक धड भक्तीण होऊ या की! सांग, पुढच्या ओळीत काय म्हटलंय?"

मी सांगत गेले, त्या पेन्सिलीनं खुणा करत गेल्या. भजन संपलं तशा आणखी चार-पाच बायका आपापल्या वह्या घेऊन भोवती बसल्या. "अम्मा, आमचंही बघा." बावीस वर्षं मी त्यांच्यासमोर गात होते, आणि मी काय गाते ते त्यांना कळतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

निघताना मामींनी सांगितलं, त्या तिरुच्चीच्या. लेकीकडे आल्या होत्या, जायचं होतं दुसऱ्याच देवळातल्या भजनाला; ऑटोवाल्यानं भलत्या गल्लीत सोडलं. आत विठोबा दिसला म्हणून बसल्या. संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होत्या. मी नाव विचारायचंही विसरले. ऑटोवाल्याची ती चूक कुणी करवली, यावर मी वाद घालत नाही. माझ्यापुरतं मला कळलं आहे.

वही मी दिली नाही. राहिलेले सहाही दिवस मी मठात गेले. भजनाआधी तासभर बायका जमायच्या, मी त्या घोगऱ्या आवाजात एकेक शब्द उलगडायचे. शेवटच्या दिवशी सगळा मठ तो बापाचा अभंग एका सुरात गात होता, प्रत्येक शब्द स्वच्छ, आणि मी गप्प बसून ऐकत होते. इतक्या वर्षांत तो अभंग मी पहिल्यांदाच ऐकला. गात असताना मला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. पुढे बसलेल्या एका आजीबाई अर्थ कळल्यामुळे गाता गाताच रडत होत्या, हसतही होत्या. माझं अंग शहारून आलं. काही उरलं नव्हतं मागायचं.

डॉक्टरीणबाई अजून वाट बघू या म्हणतात. बघू. दरवर्षी जायचं की नाही, हे ठरवण्याचं काम मात्र मी आता माझ्याकडे ठेवलेलं नाही. काय घेऊन यायचं, रित्या हातानं यायचं की कसं, ते विठोबानं सांगावं. मी तिथल्या सतरंजीवर जिथे जागा मिळेल तिथे बसेन.