ताईच्या वाफ्यातली बोंडं

विजेचे मीटर वाचत हिंडणाऱ्या बाईला कुणाच्याही परसात शिरायची मुभा असते, आणि मीटरबाईने त्या मुभेचं पार वाटोळं केलं होतं. आकडा टिपायला असा कितीसा वेळ लागतो? पण बाई आकडा टिपून झाला तरी कुंपणापाशी वाकलेली, आयरिस नावाच्या फुलझाडाच्या वाळक्या दांड्यांत खुडबुड करत. फूल गळालं की त्याच्या बुडाशी बोंड धरतं. ते तपकिरी होऊन टोकाशी तडकलं की आत बिया, कुठे रचून ठेवलेल्या नाण्यांसारख्या चपट्या, तर कुठे मिऱ्यासारख्या गोल. तिला वेड होतं ते निनावी झाडांचं, ज्यांची जात मालकालाही ठाऊक नाही अशांचं. मग बारसं तीच करायची. दंतवैद्याची पिवळी, खाटकाची जांभळी, पेन्शनरांची रडकी.

जात ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं तिचं स्वतःचं मत. बियांच्या पाकिटावर ठासून नाव लिहायची. बी पेरून तिसऱ्या वर्षी फूल यायचं ते भलतंच. "झाडच दगाबाज निघालं," म्हणायची आणि पुढच्या परसात शिरायची.

आता गंमत बघा. सगळ्या गावात जे कुणालाच ओळखता आलं नाही असं एकमेव आयरिस नेमकं तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या अंगणात, आणि दोन अंगणांमधे कंबरेएवढी भिंत. रंग चहा सांडलेल्या कागदासारखा, मधोमध शाईचा डाग. आयरिसवाल्यांचं एक मंडळ होतं, त्यांना तिने फोटो पाठवला. उत्तर आलं, फुलावरून सांगता येणार नाही, बी दाखवा. घोडं पेंड खात होतं ते इथेच. ताई जन्मभर शिलाईच्या दुकानात कापड बेतत आलेली. टापटिपीचा नुसता कहर. फूल मान टाकतं न टाकतं तोच कात्री घेऊन हजर, दांडा बुडापासून साफ. बोंड धरणार कधी?

"एक दांडा ठेव गं माझ्यासाठी," मीटरबाईने एकदा म्हणून पाहिलं.

"माझ्या वाफ्यात वाळक्या काटक्या? उद्या म्हणशील, केसात उवाही ठेव."

मुळीचा तुकडा मागितला तर म्हणे ओळ मोडेल. मग एका सकाळी मीटरबाई भिंत ओलांडून गेली आणि रंगेहाथ सापडली. "मीटर भिंतीवर असतो, चिखलात नाही," ताईने सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सुनावलं. तेव्हापासून बोलणं बंद. दर महिन्याला धाकटी थोरलीचा मीटर वाचायची तोही तोंड फुगवून. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे दोघींबद्दल त्यांच्या आईनेच म्हणून ठेवलं होतं.

यंदा मात्र नवल घडलं. फुलं गेली, दांडे उभेच. बोंडं धरली, फुगली, करंगळीएवढी झाली. मीटरबाई रोज भिंतीपलीकडे डोकावून बघायची आणि मनातल्या मनात मांडे खायची. ताई विरघळली म्हणायची एकदाची! पण आभार मानायला स्वतः जाईल तर ती मीटरबाई कसली. तिने पाकीट तयार केलं, त्यावर नावही लिहून टाकलं. अर्थात चुकीचं.

मग रीडिंगचा दिवस आला. ताईचा आकडा जवळजवळ दुपटीने उडी मारून बसला होता. एकटा जीव, आणि भरदुपारी घरातले झाडून सगळे दिवे चालू. "पैशाला पाय फुटलेत," मीटरबाई पुटपुटली आणि आपल्या अंगणात परतली. तेवढ्यात ताई कात्री घेऊन बाहेर आली, वाफ्यापाशी उकिडवी बसली आणि हाताने चाचपत कापायला लागली. दांड्यांच्या वीतभर अलीकडे. बोंडं तिच्या कानाशी डुलत होती.

मीटरबाई भिंतीवरून वाकली.

"ताई."

ताईने मान वर केली ती भिंतीच्या भलत्याच टोकाकडे. "कोण, धाकटी? वाचलास मीटर? मग नीघ."

"काय करतेस?"

"दांडे काढतेय. तुझ्या हाती एक बोंड लागू द्यायची नाही मी."

मीटरबाईला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस ती या बोंडांवरच नजर लावून बसली होती, बहिणीकडे एकदा धड बघितलं नव्हतं. वळसा घालून ती फाटकातून आत गेली, ताईचा हात धरला आणि एका बोंडावर ठेवला. शिलाईची बोटं ती, त्यांना सांगावं लागलं नाही. ती एका बोंडावरून दुसऱ्यावर गेली, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर.

"दिसत नाही गं मला," ताई म्हणाली. "हिवाळ्यापासून. कुणाला सांगू?"

"मला सांगायचं."

"तुला? तू बोलत होतीस का?"

"उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं," मीटरबाई म्हणाली. "मी रजा टाकते. नाही म्हणालीस तर उचलून नेईन."

ताई नाही म्हणाली नाही. तिने कात्री मांडीवर ठेवली.

"मग इतके दिवस मी कापलं ते काय?"

मीटरबाईने खाली बघितलं. पुढच्या वर्षी ज्यांतून फूल यायचं ते कोवळ्या पात्यांचे पंख्यासारखे झुबके बुडापासून छाटून पडले होते, ओळीच्या ओळ, ताईच्या कापण्यासारखे एकसारखे.

"गवत," ती म्हणाली. "बरंच माजलं होतं."

"बरं झालं मग," ताई म्हणाली. धाकटीने ती हिरवी पाती आवाज न करता गोळा केली आणि आपल्या मीटरच्या पिशवीत तळाशी कोंबली.