गुळाने तोललेली होडी

माझ्या मेहुण्यांच्या लेखी सृष्टीत दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: तरंगणाऱ्या, आणि अद्याप तरंगवून न पाहिलेल्या. महाराज सयाजीरावांच्या कारकिर्दीत ते बडोद्याच्या एका दरबारी कचेरीत नकाशे काढीत. परंतु घडियाळी पोळेच्या गल्लीतील घरी आले की त्यांचे चित्त पाण्यात. जेवताना ते शेजारच्या घंगाळात वाटी सोडून तीत एकेक सुपारी टाकीत. वाटी बुडेपर्यंत पानातले वरण निवून जाई. बोलता बोलता थांबून ते छताकडे पाहत राहत, जणू एखाद्या तळ्याच्या तळाशी निजून वरचे पाणी न्याहाळीत असावेत.

माझी धाकटी बहीण ही त्यांची पत्नी. एका आजारात तिच्या पायांतील शक्ती गेली, स्पर्शही गेला. गोरव्याच्या तळ्याच्या मधोमध एकदा जावे, एवढीच तिची इच्छा उरली होती. मेहुण्यांनी एक जुनी, अरुंद होडी मिळवली व तीवर तिच्यासाठी हातांची खुर्ची बसवली. आता होडी कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांना घासलेटचे रिकामे, तोंडे बंद केलेले डबे बांधावयाचे होते. एक डबा सदतीस रत्तल भार उचलतो, हे त्यांनी हौदात पाहून ठेवले होते. वाडीतल्या पत्र्याच्या मिस्त्रीने विचारले, "भाऊ, झाळून देऊ, पण अंदर भरायचं शुं?"

"काही नाही," मेहुणे म्हणाले. "तेच बाहेर जाता कामा नये."

अडले ते बहिणीच्या वजनापाशी. वखारीच्या काट्यावर बसण्यास तिने साफ नकार दिला. मी काय जळाऊ लाकूड आहे, असे तिने विचारले. तिसऱ्या दिवशी मेहुण्यांनी देवळात तिची गुळाची तुळा करण्याचा संकल्प सोडला. तिचे डोळे भरून आले. शालू नेसून, सर्व दागिने घालून ती पारड्यात बसली. मेहुण्यांच्या खिशात पेन्सिल होती, हे मला एकट्याला ठाऊक. दानाचे पारडे खाली गेलेच पाहिजे, म्हणून भटजी ढेपेवर ढेप चढवीत राहिले, आणि मेहुण्यांनी तेवढा सगळा गूळ भक्तिभावाने हिशेबात धरला. चार पुरले असते, तेथे सहा डबे झाले.

तिला तळ्यावर नेण्यास मी विरोध केला. माझी बहीण म्हणजे तुमची सुपारी नव्हे, असे बजावले.

"दादा," ते हळूच म्हणाले, "सुपारीसाठी मी झोप घालवली नसती."

हिवाळ्यातली सकाळ होती. तळ्यावर धुके पसरले होते. बगळे पाण्यावर उभे आहेत की हवेत, ते कळत नव्हते. बहिणीला खुर्चीत बसवले. होडी इतकी वर तरंगली की डब्यांचे बूड जेमतेम भिजले, आणि ती या अंगावरून त्या अंगावर झुलू लागली. मेहुणे कागद काढून पुन्हा आकडे पाहू लागले. बहिणीने कागद पाहिला, डबे पाहिले.

"अहो, म्हणजे तुळा या डब्यांसाठी होती?"

त्यांनी मान खाली घातली. आजारानंतर ती प्रथमच हसली. "भटजी गूळ जास्त चढवत होते, मी बघत होते की. विचारायचं तरी होतं."

होडीच्या तळाशी भार हवा होता. दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी जोडे काढले आणि मुकाट्याने तिच्या पायांशी जाऊन बसलो. होडी स्थिरावली.

मध्यावर मेहुण्यांनी वल्हे उचलून धरले. काठ दिसेनासा झाला होता. बहिणीने पाय पाण्यात सोडून देण्यास सांगितले. मी तिचे पाऊल दोन्ही हातांनी उचलून होडीच्या कडेवरून खाली सोडले. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली.

"दादा, गार आहे का रे?"

मी तिच्या पावलाशेजारी हात बुडवला आणि, आहे, असे सांगितले.