काकूंचा कोरा कागद

काकूंनी सल्ला दिला नाही अशी गोष्ट या जगात अजून जन्माला यायची आहे, असं मी जपानात, सेंदाईत असताना भेटेल त्याला सांगायचे. काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. माझ्या त्या सख्ख्या ना चुलत, पण सेंदाईतल्या यच्चयावत मराठी माणसांच्या काकू. पहिल्या भेटीत माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझी कचऱ्याची पिशवी उघडली. "अगं बाई, दह्याचा डबा प्लॅस्टिकमध्ये आणि झाकण कागदात! धुतलंस का? वास बघ." आणि मी, पुण्याची इंजिनियर, भर रस्त्यात वाकून झाकणाचा वास घेतला. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी जपानी आजीचा मफलर त्या सोडायच्या आणि 'असा बांध, गार वारं शिरत नाही' म्हणून पुन्हा बांधून द्यायच्या. आजी तीनदा वाकून आभार मानायच्या. उतरल्याबरोबर त्या तो आपल्या पद्धतीनं बांधत असणार, याबद्दल मला शंका नाही.

तीस वर्षांपूर्वी काकू काकांच्या नोकरीमागोमाग इथं आल्या. घरात बसून कंटाळा आला म्हणून आरुबाइतो धरलं, म्हणजे चार तासांची किरकोळ नोकरी, एका प्रयोगशाळेत काचेची भांडी घासायची. घासता घासता बघत गेल्या, बघता बघता शिकत गेल्या, आणि मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा काका जाऊन दोन वर्षं झाली होती आणि काकू त्याच प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली मानवी भ्रूण सांभाळत होत्या. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात जोडप्यांचे काही भ्रूण उरतात, गोठवून ठेवलेले. कुणी लेखी संमतीनं ते संशोधनाला देतं. काही भ्रूण रुजतात आणि काही का रुजत नाहीत, एवढा एकच प्रश्न काकूंची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं विचारत होती. "आमच्या वेळी ही सोय नव्हती," काकू एकदा कणीक मळता मळता म्हणाल्या होत्या, "रुजलं नाही, गेलं. का ते विचारायलाही कोणी नव्हतं." आणि लगेच मला कणीक सैल झाल्याबद्दल रागावल्या, जी त्यांनीच मळली होती.

त्या भ्रूणांशी काकू बोलायच्या. तेही अहो-जाहो करून! "या, बसा. घाई नाही." मी हसले तर म्हणाल्या, "हसतेस काय? कोण होणार होते ते आपल्याला ठाऊक आहे का? एखादा जज्ज असायचा. उगीच अरे-तुरे कशाला!" साऱ्या जगाला 'अगं-अरे' करणाऱ्या काकूंचं अहो फक्त दोघांनाच मिळालं, एक काकांना आणि दुसरं सुईच्या टोकाएवढ्या त्या ठिपक्यांना.

पण खरी कमाल पाचवीची. भ्रूण बहुतेक पाचव्या दिवशी गोठवतात. मग दहा वर्षं गोठवणीच्या पिंपात राहिला तरी वितळवला की त्याचा पाचवाच दिवस. हे कळल्यावर काकूंच्यातली कोल्हापूरची सून गप्प बसणार कशी? बाळाच्या पाचवीला सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहिते, म्हणून आपण कोरा कागद आणि पेन ठेवतो. काकू तसाच कागद आपल्या टेबलावर ठेवायला लागल्या. एके दिवशी जेवून येऊन बघतात तो कागदाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांच्या प्रोफेसरांचा लाल शिक्का! टेबलावरचा कागद म्हणजे मंजुरीसाठीच आलेला, असं समजून त्या सज्जन माणसानं आपला हांको उमटवला होता. दुसऱ्या कोणी डोक्याला हात लावला असता. काकू म्हणाल्या, "बरं झालं. सटवाई काय लिहील ते लिहो, वरून मंजुरी मिळालेली आहे."

मी एकदा त्यांना टोचलं होतं, "नशीब लिहायला बोलावता आणि चौदा दिवसांत संपवता, हे कसलं हो?" कारण नियमच तसा आहे, चौदा दिवसांपुढे वाढवायचं नाही. काकू चिडल्या नाहीत. "साधारण तेव्हा त्यांच्यात पहिली रेघ उमटते," त्या म्हणाल्या, "पुढं जिथं पाठ होणार तिथं. कुठंतरी लक्ष्मणरेषा ओढायला हवी, तर शहाण्या माणसांनी ती तिथं ओढली. मला विचारशील तर मला रोज वेगळं वाटतं. वाटायला हवं. ज्या दिवशी काहीच वाटणार नाही त्या दिवशी मी घरी बसेन."

मी टोचत होते त्याला कारण होतं, ते काकूंना ठाऊक नव्हतं. माझाही एक पिंपात होता. आमचे दोन भ्रूण झाले होते. एकाची सई झाली, जी आता सहा वर्षांची आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला जपानीत उत्तर देते. सईच्या वेळी इतकं रक्त गेलं की माझी पिशवी काढावी लागली. दुसरा तसाच राहिला. त्याला ठेवायला माझ्याकडे जागाच नव्हती, आणि तरी दर वर्षी दवाखान्याचं पत्र आलं की मी 'ठेवा'वर खूण करायचे. वेडेपणाच होता तो. सईचे लहान झालेले कपडे मी कुणाला देत नव्हते.

यंदा नवऱ्याची बदली झाली, उरायासुला. पत्र आलं. तीन चौकोन. ठेवा, काढून टाका, संशोधनाला द्या. नवरा म्हणाला, "तू ठरव, माझ्यानं होत नाही." मी ते पत्र घेऊन तडक वरच्या मजल्यावर गेले. काकूंनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली, आणि विस्तवाला हात लागावा तसा कागद खाली ठेवला.

"हे माझ्यापुढं धरू नकोस."

"काकू, दह्याच्या झाकणावर तासभर बोलता तुम्ही!"

"त्या झाकणाची मला गरज नसते गं. ह्याची असते. मी बोलले तर ते सांगणं होणार नाही, मागणं होईल. दवाखान्यात समजावून सांगायला बाई आहेत, त्यांना विचार. त्या आमच्या कोणी नाहीत."

"मग एवढंच सांगा. दुखतं का हो त्यांना?"

"नाही. दुखायला जे लागतं ते अजून झालेलंच नसतं."

मी रडले. काकूंनी उपमा केला, माझ्यासमोर ठेवला आणि बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. उपम्यात मीठ नव्हतं, मीही बोलले नाही.

दवाखान्यातल्या बाईंशी मी दोनदा बोलले आणि तिसऱ्या चौकोनावर खूण केली. मन बदलायला मुदत होती. तेवढ्या दिवसांत मी रोज बदललं आणि रोज परत घेतलं, आणि मुदत संपली. मग आम्ही सेंदाई सोडलं.

आता काकू फोनवर भेटतात. उरायासुचे कचऱ्याचे वार त्यांना माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत. फार आठवण येते त्यांची. आणि खरं सांगायचं तर रागही येतो. त्या दिवशी त्या नुसतं 'ठेव' म्हणाल्या असत्या तर मी ठेवला असता. 'दे' म्हणाल्या असत्या तर तिथल्या तिथं दिला असता. हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणूनच उपम्यात मीठ नव्हतं.

परवा फोनवर म्हणाल्या, "आज पाचवी आहे, फोन लवकर ठेवते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणाची?"

"ते मला कळत नाही आणि कळूही नये. नुसता नंबर येतो. आमच्याकडचाच असेल असंही नाही, कितीतरी प्रयोगशाळा आहेत."

"हो, माहीत आहे." मी म्हटलं. "कागद ठेवलात?"

"ठेवला. प्रोफेसरांना ताकीद दिलीय."

"आणि काकू, अहो म्हणालात ना?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्हटलं गं. या म्हटलं, बसा. घाई नाही."